ज्वलनाचे समीकरण : अणूंचा जमाखर्च



समीकरण संतुलित करा म्हटले की तुमच्यापैकी बरेच जण अंदाजाने आकडे घालून पाहतात. जमले तर गुण, नाही तर पुढचा प्रश्न! पण हा अंदाजाचा खेळ नाही, जमाखर्चाचा हिशेब आहे. रासायनिक क्रियेत द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ साली आपल्या ग्रंथात मांडले. म्हणून बाणाच्या डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे हवेत.

आपल्या स्वयंपाकघरातला गॅस घेऊया. त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते.

१) आधी कार्बन : डावीकडे ३ अणू, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू.
२) मग हायड्रोजन : ८ अणू आहेत. पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याचे ४ रेणू.
३) शेवटी ऑक्सिजन : उजवीकडे ६ + ४ = १० अणू. ऑक्सिजनच्या एका रेणूत २ अणू, म्हणून डावीकडे ५ रेणू.

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

ऑक्सिजन शेवटी का? डावीकडे तो एकटाच आहे. त्याचा सहगुणक बदलला तरी बाकीचा हिशेब बिघडत नाही.

आता ताळा पाहू. ४४ ग्रॅम प्रोपेन + १६० ग्रॅम ऑक्सिजन = २०४ ग्रॅम. उजवीकडे १३२ + ७२ = २०४ ग्रॅम. जुळले!

उत्तरपत्रिकांत आम्हाला एक चूक नेहमी दिसते. हिशेब जुळला नाही की रेणुसूत्रातलाच अंक बदलला जातो. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे २ अणू केले तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते! बदलायचा तो फक्त सहगुणक.

आता त्या ५ या आकड्याचा अर्थ पाहा. तापमान आणि दाब सारखे असतील, तर १ लिटर प्रोपेनला ५ लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे जवळजवळ २४ लिटर हवा हवी. ती मिळाली नाही तर ज्वलन अपूर्ण राहते :

२ प्रोपेन + ७ ऑक्सिजन → ६ कार्बन मोनॉक्साइड + ८ पाणी

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि माणूस नकळत बेशुद्ध होतो. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनच्या वासाने कळते. इथे तसा इशारा मिळत नाही. थंडीत खिडकी लावून बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालवणे जिवावर बेतते, ते यामुळेच. घरी आजी-आजोबांना आणि लहान भावंडांना हे जरूर सांगा. शेगडीची ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नर साफ करून घ्या.

गृहपाठ : ब्युटेनच्या (कार्बन ४, हायड्रोजन १०) पूर्ण ज्वलनाचे समीकरण संतुलित करा. ऑक्सिजनचे साडेसहा रेणू आले तर घाबरू नका, सगळे सहगुणक दुप्पट करा. उत्तर क्रमाने २, १३, ८, १० आले की शाबास!