पानिपतावर शेजारी कुठे होते?

मी मोहन्याचा, पण शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. पानिपत म्हणजे १४ जानेवारी १७६१, दोन मार्क, एवढंच माहीत! हॉस्टेलमधल्या बंगाली रूममेटने सांगितलं, की त्यांच्या अंगाईत 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे बारगीर, आपलेच मराठे. ऐकून वाईट वाटलं, म्हणून वाचायला बसलो.

१७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. शेवटी १७५१ च्या तहात अलिवर्दीखानाने वर्षाला १२ लाख रुपये चौथ कबूल केली. राजस्थानात गादीच्या भांडणांत आपण पैसे घेऊन बाजू घेत होतो. खंडणीच्या तगाद्यामुळे जयपूरच्या ईश्वरीसिंहाने १७५० च्या डिसेंबरात आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपुरात मराठ्यांची कत्तल झाली. १७५४ मध्ये आपण सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला.

मग अब्दाली आला, तेव्हा काय झालं? राजपूत घरी बसले. शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. सूरजमल आधी बरोबर होता, तोही लढाईपूर्वी परत गेला. तरीसुद्धा पराभवानंतर याच सूरजमलने पळून आलेल्या मराठ्यांना अन्न आणि आसरा दिला!

आज भारत मोठा होतोय. २०१५ साली सीमेवर माल अडला, तेव्हा नेपाळने भारतालाच दोष दिला. खरं-खोटं काहीही असो, शेजाऱ्याच्या मनात काय राहतं ते महत्त्वाचं. बंगालने तर अडीचशे वर्षं लक्षात ठेवलं. मराठ्यांच्या पराक्रमाचा मला अभिमान आहेच. पण शेजाऱ्याकडून नुसती वसुली केली, तर अडचणीत हाक कुणाला मारायची?