अरवलीतील दुर्मीळ वनस्पती आणि संवर्धनाचे अर्थकारण

नवी झाडे लावण्यासाठी निधी मिळविणे तुलनेने सोपे असते. जे वन मुळातच उभे आहे, ते तसेच राहावे यासाठी पैसा उभारणे कठीण. राजधानी दिल्लीच्या दक्षिणेस पसरलेल्या अरवलीच्या टेकड्यांत हा भेद ठळकपणे दिसतो.

फरिदाबाद जिल्ह्यातील मांगर गावालगत ‘मांगर बनी’ हे वन आहे. महाराष्ट्रातील देवराईचेच हे उत्तरेकडील रूप. गुदडिया बाबांच्या नावाने राखलेल्या या वनातील झाड तोडू नये, असा परिसरातील गुर्जर ग्रामस्थांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे. त्यामुळेच धौ वृक्षाचे दाट रान येथे टिकले. आपल्याकडील धावड्याचा हा भाऊबंद खडकाच्या फटीत मुळे रोवून अतिशय संथ गतीने वाढतो आणि त्याच्या बियांपैकी फारच थोड्या रुजतात. एकदा तुटलेले धौचे रान म्हणूनच सहजासहजी परत येत नाही. भोवतालच्या टेकड्यांवर विलायती कीकरने, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीने, केव्हाच बस्तान बसविले आहे.

या राखणीस कोणाचे अनुदान नव्हते. परंतु सामाईक जमिनीचे खाजगी हिस्से पडले, शहर जवळ आले, जमिनीचे भाव चढले. केवळ श्रद्धेच्या बळावर वन टिकेल अशी स्थिती उरली नाही. अखेर 2016 मध्ये हरियाणा शासनाने 677 एकर क्षेत्र बांधकाममुक्त ठेवण्याचा निर्णय घेतला.

शेजारच्या गुरुग्राममधील कथा उलट दिशेची आहे. तेथे खाणकामाने उजाड झालेल्या सुमारे 390 एकर जमिनीवर 2010 पासून महानगरपालिका, ‘आय ॲम गुडगाव’ हा नागरिकांचा गट आणि अनेक कंपन्या यांनी मिळून अरवली जैवविविधता उद्यान उभे केले. कंपन्यांनी अर्थसाहाय्य दिले. त्यांचे कर्मचारी पावसाळ्यात रोपे लावण्यास आले. पण कोणती रोपे लावावयाची, हे कोणी सांगावे? त्याचे उत्तर मांगर बनीसारख्या शिल्लक वनांनीच दिले. धौ, सालई, पळस या देशी वृक्षांचे बी अरवलीतून गोळा करून रोपवाटिकेत वाढविण्यात आले. फेब्रुवारी 2022 मध्ये, अभयारण्यांसारख्या अधिकृत संरक्षित क्षेत्रांबाहेरील प्रभावी संवर्धन क्षेत्र म्हणून, देशात सर्वप्रथम या उद्यानाची नोंद झाली. निधी लाभलेल्या वनाचा नमुना निधीविना जगलेल्या वनाने पुरविला, ही गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही.

पैशाचे मोठे स्रोत दोन. पहिला प्रतिपूरक वनीकरणाचा. वनजमीन अन्य कामासाठी वळविणाऱ्याकडून तिचे ‘नक्त वर्तमान मूल्य’ वसूल केले जाते. 2016 च्या अधिनियमानंतर, ऑगस्ट 2019 मध्ये, या निधीतील 47,000 कोटींहून अधिक रुपये राज्यांना सुपूर्द झाले. मात्र 2008 च्या दरपत्रकात हेक्टरी दर 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होते आणि सर्वांत खालचा दर विरळ काटेरी वनाचा होता. दिल्लीच्या रिजवरील वन काटेरी वनांच्याच वर्गात मोडते. 2022 मध्ये दर वाढले. तरीही दाट छत्राच्या वनाला अधिक मोल देणारी दृष्टी खुरट्या, दुर्मीळ वनस्पतींना न्याय देत नाही.

दुसरा स्रोत कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 चा. पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि वनस्पती व प्राणी यांचे रक्षण त्या कार्यांच्या यादीत आहे. अडचण मुदतीची. बहुवार्षिक प्रकल्प आरंभाच्या वर्षानंतर तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही. खड्डे, रोपे, कुंपण हा खर्च त्यात बसतो. वेडी बाभूळ पुन्हा पुन्हा उपटणे, गुरे आवरणे, वणवा विझविणे हा मात्र दरवर्षीचा खर्च. धौला चार वर्षे म्हणजे काहीच नव्हे.

बँकेच्या ग्राहकाला उपाय सहज सुचेल: मुद्दल राखून व्याज खर्च करावे. एक कोटी रुपयांची ठेव 6 टक्के दराने दरमहा 50 हजार रुपये देते. दोन-तीन राखणदारांचे वेतन त्यातून निघू शकते. परंतु जानेवारी 2021 पासून कोणत्याही संस्थेच्या स्थायी निधीस दिलेली रक्कम या 2 टक्क्यांत धरली जात नाही. व्यक्तींना हे बंधन नाही. देणगी स्थायी निधीसाठीच आहे असे देणगीदाराने स्पष्टपणे लिहून दिले, तर संस्थेला ते मुद्दल अलग राखावे लागते. तसे लिहिलेले नसल्यास ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात जाऊ शकते.