छपराचे कोणते पाखे?

तुमच्या घरावर सोलर पॅनेल बसवायचे ठरले. माणसे सामान घेऊन आली. त्यांनी विचारले, "कोणत्या पाख्यावर लावू?" तुम्ही काय सांगाल?

आम्ही पाहतो, पुष्कळ जण म्हणतात, "लावा रस्त्याच्या बाजूला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसले पाहिजे ना!" पण थांबा. पॅनेल एकदा आवळले, की वीस-पंचवीस वर्षे तिथेच राहणार. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. बाकीचे पैसे आपलेच, नाहीतर कर्जाचे.

आधी अंगणात एक काठी उभी रोवा. भर दुपारी तिची सावली पाहा. पुण्या-साताऱ्याकडे डिसेंबरात ही सावली जवळजवळ काठीएवढी लांब असते, आणि ती उत्तरेकडे पडते. मग सूर्य कुठे आहे? दक्षिणेला! ऑगस्टपासून मेच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो. म्हणजे वर्षाचे नऊ महिने झाले. उरलेल्या दिवसांत तो किंचित उत्तरेला जातो. पण तेव्हा बहुतेक पावसाळाच असतो, आभाळ भरलेले.

मे महिन्यात दोन्ही पाखी सारखीच तापतात. तिथेच माणूस फसतो बरं का! उन्हाळ्यात उत्तरेच्या पाख्यावर पॅनेल लावले, तरी वीज भरपूर येते. घरधनी खूश होतो. थंडी आली, की वीज उतरते, आणि तो पॅनेलला दोष देतो. पॅनेल बिचारे काय करणार? २० अंश उताराचे छप्पर धरा. डिसेंबरात भर दुपारी दक्षिणेच्या पाख्यावर जेवढे थेट ऊन पडते, त्याच्या निम्मेच उत्तरेच्या पाख्याला मिळते.

तुमच्या घराचे आढे दक्षिणोत्तर असेल, तर पाखी पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. त्याने फार बिघडत नाही. एका पाख्याला सकाळचे ऊन, दुसऱ्याला दुपारनंतरचे. उतार बेताचा असला, तर वर्षाच्या विजेत फार तर दहावा हिस्सा कमी होतो. स्लॅबच्या घराला तर अडचणच नाही. लोखंडी स्टँड दक्षिणेकडे कलते करून घ्या.

दक्षिणेला चिंच किंवा शेजाऱ्याची माडी असेल, तर तिची सावली छपरावर कुठवर येते तेही पाहा. एका पॅनेलवर सावली पडली, की त्याला जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज कमी होऊ शकते. ही सावली डिसेंबरातच पाहावी. मे महिन्यात ती झाडाच्या बुडाशीच असते.