आधी वही, मग पाटी

बालाघाट,
अक्षय्य तृतीया

चि. सौ. राणी हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची ती चकचकीत पुस्तिका, दोन्ही मिळाली. नागपूरची नोकरी सोडायची, बालाघाटला यायचं, बारा लाख घालून लहान मुलांच्या वापरलेल्या कपड्यांच्या आणि सामानाच्या दुकानाची फ्रँचायझी घ्यायची, आणि मामा, तुम्ही हो म्हणा, असं तू लिहितेस. चाळीस वर्षं रेडिमेडच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला विचारलंस, तेव्हा उत्तरही गल्ल्यावरचंच मिळेल.

धंदा खोटा नाही, हे आधी सांगतो. अमेरिकेत ओहायो राज्यात 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘वन्स अपॉन अ चाइल्ड’ची आज अमेरिका-कॅनडात चारशेवर दुकानं आहेत, आणि ती फ्रँचायझीवरच चालतात. आई पिशवी भरून लहान झालेले कपडे आणते, दुकानदार निवडतो, जागेवर पैसे देतो. सहा महिन्यांत बाळाला झबलं होत नाही. ते फाटायच्या आधीच तोकडं पडतं. म्हणून माल चांगला मिळतो. इथवर पुस्तिकेतलं सगळं खरं.

पण आपल्याकडे हा माल पैशाने फिरत नाही, नात्याने फिरतो. तू स्वतः माझ्या थोरल्याच्या स्वेटरात वाढलीस. तोच स्वेटर कुठल्या अनोळखी घरातून विकत आणला असता, तर तुझ्या आजीने उंबऱ्याच्या आत घेतला नसता. इथल्या बोलीत त्याला ‘उतरन’ म्हणतात, आणि तो शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारला जातो. शिवाय फुकट मिळण्याची सोयही आहेच. आपल्या मध्य प्रदेश सरकारने 2016 मध्ये आनंद विभाग काढला. त्याच्या ‘आनंदम’ उपक्रमात लोक जास्तीच्या वस्तू ठेवून जातात, ज्याला हव्या तो नेतो. तुझी स्पर्धा काली पुतली चौकातल्या नव्या दुकानाशी नाही. मावशीच्या पेटीशी आणि या फुकटाशी आहे.

मग आपल्याकडे जुन्या कपड्याचा व्यापार झालाच नाही का? झाला की. पुण्या-मुंबईकडे जिला बोहारीण म्हणतात, ती भांडेवाली आठव. तुझी आई दोन साड्या आणि एक पँट पुढे करायची, ती बाई किनार उलटी करून बघायची, काखेतली शिवण बोटाने ताणायची, आणि म्हणायची, ‘एवढ्यात डबा नाही, वाटी घ्या.’ तासभर घासाघीस. पण रोकड तिने कधी काढली नाही. लेकराच्या कपड्याचे पैसे हातात घ्यायला आईला ओशाळं वाटतं, डबा घ्यायला वाटत नाही. त्या बाईला हे कुठल्या पुस्तिकेने शिकवलं नव्हतं.

आता हिशेब. आठवडी बाजारात नवा फ्रॉक अडीचशे-तीनशेला मिळतो. तुझा जुना नव्वदच्या वर जाणार नाही. तो तू तीसला घेशील. धुणं, इस्त्री, कंपनीची विक्रीवरची पाच टक्के रॉयल्टी, त्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी, असं जाऊन हातात पन्नास उरले असं धर. दुकानाचं भाडं, दोन पोरी, वीज मिळून महिन्याला 32 हजार. बारा लाख पाच वर्षांत परत यायचे तर महिन्याला आणखी 20 हजार. 52 हजारांना 1040 नग लागतात. सव्वीस दिवसांत रोज 40. तुझी मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

वर्षाला साडेबारा हजार नग झाले. 2011 च्या जनगणनेत बालाघाट शहर साधारण 84 हजारांचं होतं. तेव्हा अशक्य म्हणता येत नाही. पण एक गोष्ट पुस्तिकेत कुठे नाही: जितके विकायचे, तितके आधी आत यायला हवेत. मी एकदा एका कंपनीची एजन्सी घेतली होती. पाटी त्यांची, भाडं माझं. 20 पासून 34 नंबरपर्यंतचा सेट घ्यावा लागे. 22 आणि 24 आठवड्यात उडत, 34 वर धूळ बसे, आणि सुटे नंबर मागितले तर नवा सेट घ्या म्हणत. डिपॉझिट निम्मंच परत आलं. तरी मला निदान माल मागवता येत होता. तुझा घाऊक व्यापारी म्हणजे तुझं गिऱ्हाईकच. बाळांचे कपडे ढिगाने येतील; सात वर्षांच्या मुलाची पँट मात्र येईल ती गुडघे गेलेलीच. पाच नंबरचे बूट तू कुणाकडे मागवशील?

कंपनी म्हणते, किंमत आमचा कॉम्प्युटर सांगेल. त्याला ब्रँडची नावं माहीत असतील. आपल्या मुलांच्या अंगावर कोलकाता नि उल्हासनगरचा बिनपाटीचा माल असतो. त्याचा भाव कॉम्प्युटर काय सांगणार? तिथे नजर लागते. फ्रॉक उलटा कर, काखेची शिवण बघ. इलॅस्टिक ताणून कानाशी धर. कुरकुरलं तर मेलं. टिचबटणं तीनदा लाव-काढ. उजेडासमोर धर, वास घे. आमच्या धंद्यात नफा विक्रीत नसतो, खरेदीत असतो. जुन्या मालात तर सगळाच.

आता कागद. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सहीच्या निदान 14 दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, सोडून गेलेल्या दुकानदारांच्या नावांसकट. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदा नाही; मूळ आधार 1872 च्या करार कायद्याचा. म्हणून तूच माग. बंद पडलेल्या दुकानांची यादी माग आणि त्यातल्या तिघांना फोन कर. चालू दुकानं कंपनी स्वतःच दाखवेल. डिपॉझिट कधी परत, गोंदियात दुसऱ्याला पाटी देणार का, तंटा झाला तर कुठल्या शहरात जायचं, हे कागदावर घे. सीएला जुन्या मालाच्या जीएसटीचा 32(5) हा नियम विचार: त्यात कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो.

आणि एका बाबतीत भीड नको. काही वस्तू कितीही स्वस्त आल्या तरी घ्यायच्या नाहीत. बाळाचा वॉकर कॅनडाने 2004 मध्ये बंदच केला, जुना विकायलाही. एक बाजू खाली सरकणारे लाकडी पाळणे अमेरिकेने 2011 पासून थांबवले. सरकत्या बाजूच्या फटीत बाळं अडकून गेली होती. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती नसेल तर हात लावू नकोस. दुधाची बाटली तर नाहीच नाही.

मग काय करायचं? बारा लाख बँकेत राहू देत. तीस हजार घे आणि माझ्या घराची पुढची खोली. बाळाच्या झबल्यापासून सुरू करू नकोस. ज्या वस्तू विकताना नि घेताना कुणी लाजत नाही, तिथून कर. छोटी सायकल. लग्नात एकदा घातलेली शेरवानी. खाजगी शाळेचा ब्लेझर. गोकुळाष्टमीचा कृष्ण, पंधरा ऑगस्टची झाशीची राणी. हे पोशाख तासभर अंगावर असतात आणि वर्षभर माळ्यावर. रोकड देऊ नकोस, भांडेवालीसारखी अदलाबदल कर: सायकल आणा, मोठी सायकल न्या, वरचा फरक द्या. दिवाळीपर्यंत वहीत रोज तीन रकाने लिही: काय आलं, काय गेलं, काय परत पाठवलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

दिवाळीत आपण दोघं वही उघडू. रोजचे चाळीस त्यात दिसायला लागले, तर फ्रँचायझीच्या करारावर जामीन म्हणून मी सही करीन. आणि तेव्हाही मी विचारीन, आता त्यांच्या पाटीची गरज उरली का?

येताना नातीचे लहान झालेले कपडे घेऊन ये. भाव तू लाव. गिऱ्हाईक मी होईन, आणि घासाघीस करताना तू माझी भाची आहेस हे विसरेन.

तुझा,
मामा