पाणी हिरवं होतं, बाळ पेटीत आहे

प्रश्न : सुनेची तारीख उलटली होती. पाणी हिरवट आलं. बाळ लगेच रडलं, तरी पेटीत ठेवलंय. नळीने शी काढलीच नाही. धोका आहे का?

उत्तर : लगेच रडलं, ही मोठी जमेची बाजू. बाळाने पोटातच शी केल्याने हिरवं झालेलं असं पाणी शंभरात १०-१५ बाळंतपणांत दिसतं. त्यातल्या थोड्याच बाळांच्या फुफ्फुसांत शी जाऊन त्रास होतो. श्वास मिनिटाला ६० च्या वर, कण्हणं, बरगड्यांखाली खड्डा, निळसर ओठ यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. गरजेप्रमाणे ऑक्सिजन, सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा), क्वचित व्हेंटिलेटर. न रडणाऱ्या, मलूल बाळाचीही श्वासनळी सरसकट शोषण्याची पद्धत २०१५ पासून मागे पडली, तेव्हा नळीवरून डॉक्टरांशी भांडू नका. आणि हो, मध-घुटी चाटवू नका. परवानगी मिळताच आईचंच दूध.