'नीरोचे पाहुणे' आणि आपण

बी. ए. भाग २

अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'आर्थिक विषमता' हे एक प्रकरण असते. व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय एवढे पाठ केले की परीक्षेचे काम भागते. परंतु विषमता म्हणजे नेमके काय, हे मला उमगले ते 'नीरोज गेस्ट्स' या माहितीपटामुळे. दीपा भाटिया यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट २००९ सालचा असून, पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत तो आपल्याला विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरांत नेतो.

नावामागे एक जुनी हकीकत आहे. इ. स. ६४ मध्ये रोम शहर जळाले. सम्राट नीरोने त्याचा दोष ख्रिस्ती लोकांवर ठेवला आणि रात्री उजेडासाठी त्यांना जिवंत जाळले, असे टॅसिटस हा इतिहासकार लिहितो. नीरो क्रूर होता, हे सर्वांनाच ठाऊक आहे. साईनाथांचा प्रश्न वेगळा आहे : त्या उजेडात जमलेले पाहुणे कोण होते? त्यांना काहीच कसे वाटले नाही?

या प्रश्नाला ते आपल्या काळातील उदाहरण देतात. मुंबईच्या फॅशन वीकचे वृत्तांकन करण्यासाठी ५१२ पत्रकार होते. तेथे सुती वस्त्रे मिरवली जात होती. त्याच सुमारास विदर्भात कापूस पिकविणारा जीव देत होता आणि त्याची दखल घेण्यास बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते.

म्हणजे विषमता हे केवळ गरीब व श्रीमंत यांच्या उत्पन्नातील अंतर नव्हे. दोघांना जोडणारा धागा एकच असतो. क्विंटलभर कापसातून सुमारे ३४-३५ किलो रुई निघते. पुढे जिनिंग, सूतगिरणी, कापड, दुकान अशा प्रत्येक पायरीवर किंमत वाढत जाते. शेतकरी मात्र बियाणे व खत छापील किमतीने विकत घेतो आणि स्वतःचा माल बाजारात नेऊन "आज भाव काय?" असे दुसऱ्याला विचारतो. त्यातच आपली बहुतेक शेती कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरची.

मदत झाली नाही, असे नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी यवतमाळसह विदर्भातील ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ साली केंद्राने कर्जमाफी दिली. पण पूर्ण माफीची मर्यादा २ हेक्टर होती. ओलिताचे २ हेक्टर असणारा पूर्ण सुटला; कोरडवाहू ३ हेक्टरांच्या धन्याला मात्र उरलेली रक्कम भरण्याच्या अटीवर थोडी सूट मिळाली. विषम परिस्थितीला एकच माप लावणे, हीही विषमताच नव्हे काय?

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्यासारखी अनेक मुले-मुली येथे आहेत. उद्या पदवी मिळेल, कुणाला नोकरी लागेल आणि पाहुण्यांच्या पंगतीत आपलेही पान मांडले जाईल. शिक्षणाने ते पान मिळावे, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो उजेड कशाचा आहे हे विचारण्याचा.

यासाठी एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण एखाद्या गावातील कापसाच्या एका हंगामाचा जमाखर्च घरोघरी जाऊन लिहून काढावा : बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, व्याज आणि शेवटी हाती आलेला भाव. विषमतेचे प्रकरण मग पाठ करावे लागणार नाही.