पीयूसीत गाडी नापास झाली? आधी चिठ्ठी वाचा

पीयूसी तपासणी महाग नाही. महाराष्ट्रात २०२२पासून दुचाकीला ५० रुपये, पेट्रोलच्या तीनचाकीला १००, पेट्रोल किंवा गॅसवरच्या चारचाकीला १२५ आणि डिझेल गाडीला १५० असे दर आहेत. खरा खर्च गाडी नापास झाल्यावर सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतो. काटोलात पंधरा-वीस वर्षं जुन्या स्प्लेंडर, अल्टो, ओम्नी, बोलेरो अजून रोजच्या कामात आहेत. त्यातली एखादी नापास झाली की मालक मिस्त्रीकडे जातो, "भाऊ, पीयूसी होऊन नाही रायली, पाहा जरा" म्हणतो, आणि मिस्त्री सवयीनं कार्ब्युरेटर खोलून बसतो. दोष कुठं आहे हे दोघांपैकी कोणी विचारत नाही.

तो दोष बऱ्यापैकी सांगणारा कागद केंद्रावरच मिळतो. नापास गाडीच्या मालकाला कारणासह छापील चिठ्ठी द्यायची, असं केंद्र सरकारच्या जून २०२१च्या अधिसूचनेत आहे. तोंडी "फेल झाली" ऐकून परत फिरू नका, चिठ्ठी मागून घ्या. यंत्रच बिघडलेलं असल्याची शंका असेल तर हीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्या केंद्रावर पुन्हा तपासता येतं.

पेट्रोल गाडीच्या चिठ्ठीवर दोन आकडे महत्त्वाचे: सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत, आणि एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, पीपीएममध्ये. ३१ मार्च २०००नंतर बनलेल्या, पण भारत स्टेज-६च्या आधीच्या, चार-स्ट्रोक दुचाकीला सीओ ३.५ आणि एचसी ४,५०० ही मर्यादा आहे; दोन-स्ट्रोकला एचसी ६,०००पर्यंत चालतो. त्याआधीच्या दुचाकींना ४.५ आणि ९,०००. चारचाकीत मात्र मोठी उडी आहे. भारत स्टेज-२च्या आधीच्या मोटारीला सीओ ३ टक्के चालतो, स्टेज-२ आणि ३च्या मोटारीला फक्त ०.५. आपल्या भागात स्टेज-२ लागू झालं १ एप्रिल २००५ला. म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या २००३च्या आणि २००७च्या मोटारी अगदी सारख्या दिसल्या तरी दुसरीला सहापट कडक माप लागतं. केंद्रचालकानं गाडीचा टप्पा बरोबर निवडला आहे का, हे आरसी बुकाशी ताडून पाहा. ही दुरुस्ती फुकट होते.

आता आकडे काय सांगतात ते. सीओ जास्त आणि एचसी मर्यादेत, तर इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त मिळतंय. सीओ कमी आणि एचसी जास्त, तर पेट्रोल नीट पेटतच नाही: प्लग, प्लगची टोपी, टॅपेट, नाहीतर झिजलेल्या रिंगा. प्लग काढून पाहिला की निम्मी खात्री तिथंच होते. बदामी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर चढतंय.

समजा २००९च्या शंभर सीसी दुचाकीचा सीओ ५.१ आणि एचसी ३,८०० आला. आधी चोक पाहा. खटका बंद असूनही केबल अडकून चोक अर्धा ओढलेला राहतो. यात पैसे लागत नाहीत. मग एअर फिल्टर. संत्र्याच्या बागेत रोज कच्च्या वाटेनं जाणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधीच मातीनं बुजतो. नवा साधारण १५० ते ३०० रुपयांत येतो. प्लग ८० ते १५०, टॅपेट सेटिंग १०० ते २००. एवढ्यावर भागलं नाही तरच कार्ब्युरेटर: साफसफाईची मजुरी २०० ते ४००, आतले जेट-वायसरचं किट २५० ते ५००. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त असल्यानं जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात, तेव्हा खोललाच आहे तर ते पाहून घ्यायला सांगा. हे सगळे दर अंदाजाचे आहेत, दुकानागणिक आणि अस्सल-नकली मालागणिक बदलतील. पण एकूण हजार-दीड हजाराच्या आत बहुतेक दुचाकी सुटतात.

आणि एक युक्ती: कार्ब्युरेटरचा शेवटचा स्क्रू गॅरेजात फिरवू नका. मिस्त्रीलाच केंद्रावर न्या. तपासणीची नळी सायलेन्सरात असताना, पडद्यावर आकडा बघत पाव-पाव फेरा फिरवला की जे काम अंदाजानं दिवसभर होत नाही ते पाच मिनिटांत होतं. मिस्त्रीच्या हाती चहा आणि शंभर रुपये ठेवावे लागले तरी स्वस्तच.

निळा धूर निघतो आणि ऑइलही खाली जातं, तर प्रश्न वेगळा. रिंग-पिस्टन, लेथवर बोअर, मजुरी मिळून ४,५०० ते ७,५०० धरून चाला. लुना-चेतकसारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत मात्र निळा धूर दिसताच इंजिन खोलू देऊ नका. आधी पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता ते पाहा. लिटरला वीस मिली हे नेहमीचं प्रमाण. "थोडं जास्त असू दे" म्हणून टाकलेलं सगळं धुरातूनच बाहेर येतं.

चारचाकीत आपल्याकडे एक खास दुखणं आहे, त्यावर जरा थांबतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गाडी तापते, आणि तापू नये म्हणून कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढूनच टाकतात. गाडी तापायची थांबते, मालक खूश. पण एमपीएफआय इंजिनाचा संगणक पाण्याचं तापमान पाहून पेट्रोल सोडतो. वॉल्व्ह नसला की पाणी नीट गरम होत नाही, संगणकाला वाटतं इंजिन अजून गार आहे, आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. सीओ वाढतो, ॲव्हरेज घटतं. मग कोणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतं, त्यात दोन-चार हजार जातात आणि आकडा तसाच. ओळखायची खूण सोपी आहे. काटोलहून निघून कळमेश्वर आलं तरी तापमानाचा काटा तळाशीच, तर संशय घ्या. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपला हात लावा: वॉल्व्ह असेल तर पाईप काही मिनिटं गार राहून मग एकदम तापतो, नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. पंख्यापासून हात लांब ठेवा. नवा वॉल्व्ह ३०० ते ९००, वर कूलंट आणि मजुरी. गाडी उन्हाळ्यात तापतच असेल तर रेडिएटर साफ करा, पंखा पाहा. वॉल्व्हचा त्यात दोष नसतो.

यानंतर राहतात सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सेन्सर स्कॅनर लावल्याशिवाय बदलू नका. स्कॅनिंग ३०० ते ५०० रुपयांत होतं. कन्व्हर्टर कंपनीचा घेतला तर पंधरा हजारांच्या पुढंच बोला. तो गार असताना काम करत नाही, म्हणून तपासणीआधी गाडी वीस मिनिटं चालवून, तापलेलीच लावा. काठावरच्या गाड्या एवढ्यानंही पास होतात. "जाळी काढली की पिकअप वाढतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. कन्व्हर्टरच्या त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं आणि भंगारात तिला चांगला भाव येतो. बदलावीच लागली तर जुनी परत मागा. सायलेन्सरला भोक असेल तर तेही आधी वेल्डिंग करून घ्या. स्टेज-४च्या गाडीत लॅम्डा नावाचा आकडाही पाहतात, आणि भोकातून आत शिरलेली हवा तो बिघडवते.

डिझेलचं गणित वेगळं. तिथं फक्त धुराचा दाटपणा मोजतात. स्टेज-४च्या आधीच्या गाडीला ६५ हार्टरिज एकक, स्टेज-४ला ५०. काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर, मग नोझल. तपासून बसवण्याला नगाला काही शेकडे, नवे घेतले तर प्रत्येकी हजाराच्या आसपास. पंप शेवटी. तपासणीत इंजिनाला पूर्ण रेस देतात, तेव्हा टायमिंग बेल्ट जुना असेल तर आधी बदला. तो तिथं तुटला तर पीयूसी राहते बाजूला आणि इंजिनच खोलावं लागतं.

"दुसऱ्या गाडीला नळी लावून पास करून देतो" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. कागद मिळतो, पण पेट्रोल जाळणारा दोष गाडीतच राहतो. वैध पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याची भीती मात्र आता नको: विम्याच्या नूतनीकरणाला पीयूसीची अट घालणारा २०१७चा आदेश सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये मागे घेतला. पीयूसीची मुदत स्टेज-३पर्यंतच्या गाडीला सहा महिने, स्टेज-४पासून पुढं एक वर्ष.

सुटा भाग काटोलात मिळत नसेल तर नागपूरची फेरीही हिशेबात धरा. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, लिटरला पंधरा देणाऱ्या मोटारीला आठ लिटर, म्हणजे आठशेच्या वर नुसतं पेट्रोल. भाग फोनवर पक्का करून बस किंवा रेल्वेनं आणलेला परवडतो.

पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या मोटारीवर कन्व्हर्टर किंवा इंजिनाचं मोठं काम काढण्याआधी एक बेरीज करा. पुनर्नोंदणी शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५पासून १०,०००. शिवाय पाच वर्षांचा पर्यावरण कर आणि नागपूर ग्रामीण आरटीओची तपासणी. ही रक्कम अधिक दुरुस्ती, गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी तरी इंजिन खोलू देणार नाही. नोंदणीकृत भंगार केंद्राचा भाव आधी विचारेन.